उन्हाळी विज्ञान-तंत्रज्ञान शिबिर : ताई-दादांना काय शिकवून ठेवावं?

माणदेशी
नमस्कार मंडळी,
सांगोला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत ८ ते १२ मे असं पाच दिवसांचं विज्ञान-तंत्रज्ञान शिबिर घ्यायचं ठरतंय. सातवी ते नववीची ४० मुलं-मुली, वेळ सकाळी ८ ते दुपारी १. पॉलिटेक्निक आणि बीएस्सीचे १० ताई-दादा तयार आहेत. विषय त्यांना येतो, पण मुलांना हाताळायची सवय कुणालाच नाही. शाळेत १२ लॅपटॉप, एक मोठी खोली, एक पत्र्याची शेड आणि असून नसल्यासारखं इंटरनेट.

कच्चा आराखडा:
पहिला दिवस – इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख, सोल्डरिंग (वायरी डाग देऊन जोडणं)
दुसरा – आर्डुइनो (लॅपटॉपवरून कोड भरून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) आणि सेन्सर
तिसरा – लाइन फॉलोअर रोबोट (जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून चालणारा)
चौथा – ड्रोन, थ्रीडी प्रिंटिंग, एआय
पाचवा – पाण्याचं रॉकेट, दुर्बीण, पालकांसाठी प्रदर्शन

यातलं काय ठेवावं, काय काढावं? आणि मुख्य म्हणजे ताई-दादांची तयारी कशी करून घ्यावी?

अर्धवटराव
चौथ्या दिवशी चांद्रयान राहिलं की हो.

खटपट्या
आधी वेळेचा हिशेब मांडा. सामान वाटणं, गोळा करणं, नाश्ता यात रोज तास जातो. उरले चार. पाच दिवसांचे वीस. थ्रीडी प्रिंटरवर नावाची कीचेन छापायला अर्धा तास धरला तरी ४० मुलांचे वीस तास होतात, म्हणजे शिबिर संपलं. प्रिंटर ठेवायचाच असेल तर कोपऱ्यात चालू ठेवा, सेन्सरच्या पट्ट्या वगैरे छापत राहू दे, येता-जाता मुलं बघतील.

ड्रोन काढा. २५० ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनला २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटचा परवाना लागत नाही हे खरं, पण एक उडवणार आणि ३९ बघणार. एआयचं एका तासात भाषणच होतं. दुर्बीण सकाळी ८ ते १ मध्ये कशाला? दिवसा दुर्बिणीसमोर एकच मोठी वस्तू असते आणि तिच्याकडे बघायचं नसतं.

इलेक्ट्रॉनिक्स, एक रोबोट आणि एक मैदानी प्रयोग. बास.

वीजवाली
खटपट्या यांच्याशी सहमत. ताई-दादांच्या तयारीबद्दल लिहिते, कारण तिथेच बहुतेक शिबिरं गंडतात.

इंजिनिअरिंगच्या मुलाला सर्किट येतं, त्यामुळे मुलाचं अडलेलं दिसलं की तो हात घालतो आणि दहा सेकंदांत एलईडी लावून देतो. मुलगा खूश, दादा खूश, शिकलं कुणीच नाही. म्हणून आदल्या दिवशी तीन तासांचं प्रशिक्षण ठेवा, आणि त्यात व्याख्यान नको. प्रत्येक जोडीला मुद्दाम बिघडवलेलं सर्किट द्या आणि सांगा, बिघाड शोधा. बिघाड हे घाला:

३३० ओहमच्या जागी ३३ किलोओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा रोध). पट्टे नारिंगी-नारिंगी-तपकिरीऐवजी नारिंगी-नारिंगी-नारिंगी. ५ व्होल्टला एलईडी इतका मंद लागतो की उजेडात विझलेलाच वाटतो.

लांब ब्रेडबोर्डवर (डाग न देता वायरी खोचायची पाटी, ८३० भोकांची) वरच्या अर्ध्या भागात बॅटरी, खालच्या अर्ध्यात एलईडी. पुष्कळ बोर्डांवर कडेची लाल-निळी पट्टी मध्यावर तुटलेली असते. छापलेली रेघ तिथे खंडित दिसते, पण सांगितल्याशिवाय कुणी बघत नाही.

चार पायांचं पुश बटण ९० अंश फिरवून लावलेलं. न दाबताही सर्किट जोडलेलं राहतं.

आतून तुटलेली जंपर वायर. वरून ठणठणीत दिसते, मल्टिमीटरच्या बीपशिवाय कळत नाही.

मोटरची बॅटरी वेगळी, आर्डुइनोची वेगळी आणि दोघांचे ग्राउंड (ऋण टोकं) जोडलेलेच नाहीत. रोबोटच्या दिवशी निम्मा वेळ हाच बिघाड खातो.

कोडमध्ये पिन ८, वायर पिन ९ला.

हे सगळं ज्याने स्वतः शोधलंय तो दुसऱ्या दिवशी मुलाला नीट प्रश्न विचारतो.

टिपकागद
वाखु (वाचनखूण) साठवली. वीजवालीताई, प्रश्न नक्की कोणते विचारायचे तेही लिहा ना. "तूच शोध" म्हणून दादा लोक मोबाइल बघत बसतात तो प्रकार नको.

वीजवाली
@टिपकागद, तीन पुरतात. काय व्हायला हवं होतं? काय झालं? शेवटचं चाललं होतं त्यानंतर काय बदललंस? तिसऱ्या प्रश्नाला निम्मे बिघाड सापडतात. त्यानंतरही अडलं तर बॅटरीपासून सुरुवात करून मल्टिमीटरने एकेक टप्पा मोजत जायचं. इथे ५ व्होल्ट आहेत? इथे? मग इथे? जिथे गायब झाले त्याच्या आधीच्या जोडात गडबड.

नियम एकच कडक ठेवायचा. दादाने कीबोर्डला आणि ब्रेडबोर्डला हात लावायचा नाही. बोट दाखवायलाही पेन्सिलीचं मागचं टोक वापरायचं. अपवाद दोन, काही तापत असेल तर आणि लिथियम सेल असेल तर. तेव्हा विचारत न बसता वायर उपटायची.

जुना_मल्टिमीटर
प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, कारणं देऊन येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. ताई-दादांना मनात एक-दोन-तीन मोजायला सांगा. तीन सेकंद फार लांब वाटतात, करून बघा.

अर्धवटराव
आमच्या सरांचा थांबायचा वेळ तीन सेकंदच होता. त्यानंतर डस्टर यायचा.

सांगलीकर
मी जरा उलट बाजूने लिहितो. पाच दिवसांत आर्डुइनो हवाच कशाला? बहुतेक ठिकाणी पडद्यावरचा कोड बघून उतरवून काढतात, पुढच्या सोमवारी काही आठवत नाही. त्यापेक्षा काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणा. टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात केलेला काड्यांचा मेकॅनो आजही तोडीस तोड आहे. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे, दोन बाजूंनी दोन काड्या, झाला जोड. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चौकोन लगेच कलतो, मग कर्ण टाकावा लागतो. पूल, छत, मनोरा सगळं त्यातून निघतं. घरी परत करता येतं हा मोठा फायदा. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली ढीगभर पुस्तकं फुकट आहेत.

काड्यांचा गुल आधी खरवडून टाका म्हणजे झालं.

खटपट्या
@सांगलीकर, मेकॅनो पहिल्या दिवशी हवाच, अनोळखी मुलं त्यावर पटकन बोलायला लागतात. पण आर्डुइनो काढू नका. चूक उतरवून घेण्यात आहे. पूर्ण कोड द्यायचाच नाही. चालणारा दहा ओळींचा कोड द्यायचा आणि सांगायचं, दिवा एक सेकंदाऐवजी पाव सेकंदाने लुकलुकव. मग दोन दिवे आळीपाळीने. मग बटण दाबल्यावरच. दर वेळी एकच बदल. सातवीच्या मुलांना हे जमतं.

आणि हो, मजकूर वर्डमधून चिकटवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं आणि कंपायलर (कोड तपासून बोर्डासाठी तयार करणारा प्रोग्राम) 'स्ट्रे' म्हणून ओरडतो. साध्या नोटपॅडची फाइल द्या.

कंदील
लॅपटॉपबद्दल, कारण पहिला तास तिथेच जातो.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त आर्डुइनो ऊनोवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर लॅपटॉपवर आधीच टाकून ठेवा. सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोन्ही पेनड्राइव्हवर हवेत. एका बोर्डाने बाराही लॅपटॉप तपासा.
केबल तपासा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, बोर्डावरचा दिवा लागतो पण पोर्ट दिसत नाही. चालणाऱ्या केबलला हिरवी टेप गुंडाळा, बाकीच्या शिबिरातून हद्दपार.
पिन ० आणि १ला काही जोडलं असेल तर अपलोड अडतं. ब्लूटूथ मॉड्यूल लावणाऱ्यांना हे हमखास भेटतं.
सीरियल मॉनिटरमध्ये (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी खिडकी) चिनी-जपानी दिसायला लागलं की कोडमधला आणि खिडकीतला बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) जुळत नाहीये.

विजेचं: बारा लॅपटॉप ६५ वॉटचे धरले तर ७८० वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. एका ६ अँपिअरच्या सॉकेटवर भागतं. त्याच बोर्डावर इस्त्री, गीझर नको आणि ग्लू गनांचा ताफाही नको. मेमध्ये वीज जाणार हे गृहीत धरून सकाळी ८ला सगळे लॅपटॉप पूर्ण चार्ज हवेत.

निरगुडी
सोल्डरिंगवर कुणीच बोललं नाही. ४० मुलं, पहिला दिवस, पत्र्याची शेड, मे महिना. ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं. तापवल्यावर जो धूर येतो तो मुख्यतः फ्लक्सचा (सोल्डरमधल्या राळेचा), शिसं हाताला लागतं आणि हातावरून नाश्त्याबरोबर पोटात जातं. करायचंच असेल तर एका ताई-दादामागे दोनच सोल्डरिंग इस्त्र्या, २५ वॉटच्या, स्टँडसकट, चष्मा सक्तीचा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. माझं मत विचाराल तर या वयाला ब्रेडबोर्ड पुरे.

आणि ग्लू गनला खेळणं समजू नका. सोल्डरिंग इस्त्रीचा चटका बसला की हात आपोआप मागे जातो, वितळलेला गोंद कातडीला चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही.

टिपकागद
२० मिनिटं वाहतं पाणी, सांगोल्यात, मेमध्ये? टँकर मागवावा लागेल :)

निरगुडी
@टिपकागद, मुद्दा बरोबर आहे. खाली तोटी लावलेला २० लिटरचा जार आणि बादली ठेवा. बारीक धारेने पुरतो आणि खालचं पाणी झाडांना जातं.

माणदेशी
सगळ्यांचे आभार, टिपून घेतोय. सोल्डरिंग काढलं. रोबोटसाठी पिवळ्या बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या, छोट्या), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड) आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असा किट एका दुकानदाराने सुचवलाय. घ्यावा का?

जुना_मल्टिमीटर
९ व्होल्टची बॅटरी अजिबात नको. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. दोन मोटर सुरू होताना जो करंट लागतो तो द्यायला गेली की व्होल्टेज कोसळतो, आर्डुइनो रीसेट होतो, मोटर थांबतात, व्होल्टेज सावरतो, पुन्हा सुरू. रोबोट जागच्या जागी झटके देत बसतो आणि मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात. धूर ओळखणाऱ्या अलार्मसाठी ती ठीक आहे.

एल२९८एनमध्ये साधारण २ व्होल्ट आतच जिरतात. चार अल्कलाइन पेन्सिल सेल म्हणजे ६ व्होल्ट, मोटरला मिळतात ४. चालतं. रिचार्जेबल निकेल सेल घेतले तर ४ गुणिले १.२ म्हणजे ४.८, त्यातून २ गेले, उरले २.८. रोबोट गोगलगाय. मग सहा सेलचा होल्डर घ्या, नाहीतर ड्रायव्हर टीबी६६१२ घ्या, त्यात फार कमी जिरतं. एल२९८एनचा डब्बल आकाराचा काळा हीटसिंक बघून लोकांना तो दणकट वाटतो. तो हीटसिंक म्हणजे वाया गेलेली बॅटरी.

१८६५० आकाराचे सुटे लिथियम सेल मुलांच्या हातात नकोत. खिशात किल्लीबरोबर गेला की शॉर्ट होतो.

कंदील
पुरवणी: आर्डुइनो पॉवर बँकेवर चालवायचा विचार असेल तर आधी तपासा. ऊनो फार कमी करंट घेतो, काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि अर्ध्या मिनिटात बंद पडतात. आणि मोटरची बॅटरी वेगळी ठेवली तर ग्राउंड जोडा, वीजवालीताईंनी वर लिहिलंय ते.

मोटर १५० आरपीएमची (मिनिटाला १५० फेरे) घ्या. ३००ची घेतली की वळणावर पट्टी सोडून सरळ मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये.

खटपट्या
लाइन फॉलोअरची खरी फजिती उन्हात होते. सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश खाली सोडतो आणि परत किती आला ते बघतो. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, त्यामुळे सकाळी ८ला खोलीत पळणारा रोबोट ११ला खिडकीच्या कवडशात आला की भलतीकडे जातो. शेडमध्ये तर विचारूच नका. उपाय: खोलीच्या मधोमध ट्रॅक, सेन्सर जमिनीपासून ५ मिलिमीटरच्या आसपास, भोवती काळ्या कार्डशीटचा घागरा. आणि सेन्सरच्या मॉड्यूलवरचा संवेदनशीलता ठरवणारा छोटा स्क्रू ज्या जागी शर्यत आहे तिथेच जुळवायचा, टेबलावर नाही.

ट्रॅकला पांढरा फ्लेक्स उलटा करून वापरा, वर काळी इन्सुलेशन टेप. मार्करने रेघ काढू नका. काही मार्करची काळी शाई डोळ्यांना काळी दिसते पण इन्फ्रारेडला जवळजवळ पांढरीच असते, सेन्सरला रेघ दिसतच नाही. हे मुलांना न सांगता एका ट्रॅकवर मुद्दाम ठेवा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून सेन्सरचा अदृश्य दिवा जांभळट दिसतो (काही कॅमेऱ्यांत फिल्टर असतो, पुढचा कॅमेरा वापरून बघा), तिथून पुढचं मुलं स्वतः ओढत नेतात.

वीजवाली
+१ मुद्दाम ठेवण्याला. याच जातीचं अजून एक, मेला अगदी साजेसं: एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाज सोडून तो परत यायच्या वेळेवरून अंतर मोजतो). सगळ्या तयार कोडमध्ये ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद धरलेला असतो. तो २० अंश सेल्सिअसचा आहे. शेडमध्ये ४० अंश असताना वेग जातो ३५५च्या आसपास, दर अंशाला साधारण ०.६ मीटर वाढतो. मुलांना टेपने बरोबर १ मीटर मोजून पुठ्ठा उभा करायला सांगा. सेन्सर दाखवतो ९६-९७ सेंटिमीटर.

आता गप्प राहायचं. कुणी टेप पुन्हा मोजेल, कुणी सेन्सर बदलेल, तोच आकडा येईल. कुणी म्हणेल सेन्सरच खराब. मग ५० सेंटिमीटरला मोजायला सांगा, दीड मीटरला मोजायला सांगा. फरक अंतराच्या पटीत वाढतो हे वहीत दिसलं की चूक कुठल्या तरी गुणाकारात आहे इथपर्यंत नववीची मुलं येतात. थर्मामीटर त्यानंतर टेबलावर ठेवायचा, आधी नाही. सकाळी ८ला आणि १२ला दोनदा मोजलं तर फरक स्वच्छ दिसतो.

समोर पुठ्ठा किंवा पाटीच हवी. ओढणी, गोधडी आवाज गिळते आणि कसलेही आकडे येतात. सेन्सरसमोरच्या १५ अंशांच्या शंकूत दुसरं टेबल येऊ देऊ नका.

सांगलीकर
हे आवडलं. याला मी विज्ञान शिबिर म्हणेन. माझा आर्डुइनोविरोध एक पायरी खाली.

माळरान
तारखा बघून राहवलं नाही. माणदेशी, ८ ते १२ मे आणि सांगोला? तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस (मध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर) ९-१० मेच्या सुमारास येतो की! सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचा त्याचा कोन) तेव्हा साडेसतरा अंशांच्या जवळ असते आणि सांगोल्याचा अक्षांश तेवढाच आहे. वेळ दुपारी १२:२५च्या आसपास, १२ला नाही, कारण आपण ८२.५ पूर्व रेखांशाची वेळ वापरतो आणि सांगोला त्याच्या पश्चिमेला आहे. इतरांसाठी: कोल्हापूर ६-७ मे, सोलापूर १०-११, पुणे १३-१४, मुंबई १५-१६, नाशिक २०च्या आसपास, नागपूर २६ मे.

काठी खरोखर उभी आहे का हे ओळंब्याने बघा. १ मीटरची काठी १ अंश कलली तर १७-१८ मिलिमीटरची खोटी सावली पडते, आणि एका दिवसाच्या फरकाने पडणारी सावली ४-५ मिलिमीटरच असते. म्हणजे काठी वाकडी असेल तर प्रयोग गेला. काठीपेक्षा सपाट फरशीवर उभा ठेवलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा स्टीलचा पेला बरा. ११:४५पासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक कागदावर खूण करत जायचं.

नागपूरच्या एखाद्या शाळेशी बोलून ठेवलंत तर पृथ्वीची त्रिज्याही निघेल. त्याच दिवशी तिथल्या स्थानिक मध्यान्हाला (१२:१०च्या सुमारास) १ मीटर काठीची सावली सुमारे ६५ मिलिमीटर पडते, उत्तरेकडे. दोन्ही गावांतलं फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्यायचं, ते साधारण ४१० किलोमीटर. रस्त्याचं घेतलं तर उत्तर भलतंच येईल. कोन लहान असल्याने समरूप त्रिकोण पुरतात: ६५ भागिले १००० बरोबर ४१० भागिले त्रिज्या. उत्तर येतं ६३००च्या आसपास. पुस्तकातला आकडा ६३७१. त्रिकोणमिती लागत नाही, नववीला छान जमतं.

अर्धवटराव
म्हणजे १२:२५ला उन्हात उभं राहून सावली नाही याची खात्री करायची. निरगुडीताई, ओआरएस काढा.

निरगुडी
काढलं. टोप्या, १५ मिनिटांच्या पाळ्या, बाकीचे शेडमध्ये. आणि सावली बघायची, सूर्य नाही, हे आधी सांगा.

पाळ्यांवरून आठवलं. तीनच्या गटात एक मुलगा कीबोर्ड धरतो, दुसरा वायरी, आणि मुलीकडे वही आणि "छान अक्षरात शीर्षक लिही" एवढंच येतं. हे समजावून थांबत नाही. दर २० मिनिटांनी शिट्टी, कीबोर्ड, वायरी, वही अशी जागा बदलायची. वाक्य अर्धं असलं तरी उठायचं.

अजून एक, कुणी विचारलं नाही तरी: कुठल्याही ताई-दादाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, मुलांचे मोबाइल नंबर घ्यायचे नाहीत, फोटोला पालकांची लेखी परवानगी. १९-२० वर्षांच्या दादांना हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. पॉक्सो कायदा (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा) २०१२पासून आहे, पण त्याचं नाव काढल्यावर लोक अवघडतात, म्हणून प्रशिक्षणातच उरकून टाका.

टिपकागद
आणि रॉकेट? सगळे सावलीत अडकलात.

खटपट्या
रॉकेट ठेवा, सकाळी ८ला मैदानात. कोल्ड्रिंकची बाटली घ्या, सव्वा किंवा दोन लिटरची. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, दाब सोसत नाही. एक तृतीयांश पाणी. जास्त भरलं तर वजनच उचलत बसते, कमी भरलं तर पाणी लवकर संपून नुसती हवा सुटते. पण हे सांगू नका, पाव, एक तृतीयांश, अर्धी अशी भरून मुलांनाच आलेख काढू दे. पंप सायकलचा, गेज असलेला, ६० पीएसआयच्या वर नाही. सोडायची दोरी किमान ५ मीटर. पंख बाटलीला दुतर्फा टेपने लावा, ग्लू गनने नाही, उष्णतेने प्लास्टिक कमजोर होतं आणि पुढच्या वेळी तिथूनच फाटते. बाटलीवर पांढरी घडी दिसली की ती कचऱ्यात.

मारा उभा ठेवा, आडवा नको. आणि दाब भरलेलं रॉकेट सुटलं नाही तर कुणी जवळ जायचं नाही, दुरून दोरीने दाब सोडायची सोय आधीच करून ठेवायची.

सांगलीकर
आता पाचव्या दिवसाच्या प्रदर्शनाचं. माझ्या मते हेच शिबिर बिघडवतं. चौथ्या दिवशी दुपारपासून दादा लोक रात्रभर बसून मुलांचे रोबोट "दुरुस्त" करतात, कारण पालकांसमोर बंद पडला तर नाक कापलं जाईल. वर हात न लावण्याचे एवढे नियम केले त्यांचं काय?

माणदेशी
पण पालक एक दिवसाची मजुरी सोडून येतात. त्यांच्यासमोर न चालणारी वस्तू ठेवायची? पुढच्या वर्षी मुलीला पाठवणार नाहीत.

वीजवाली
दोघांचंही खरं आहे. मधला मार्ग: प्रत्येक गटाने तीन वस्तू मांडायच्या. एक हमखास चालणारी (मेकॅनोचा पूल, वर विटा ठेवून), एक अर्धवट आणि बिघाडाची वही. पालकांना गोष्ट सांगायची ती वहीतून: हे असं बिघडलं, असं शोधलं. मुलं हे घडाघडा बोलतात, पाठ केलेल्या भाषणापेक्षा कितीतरी बरं. रोबोटची शर्यत ठेवा, पण बक्षीस पट्टीवरून किती अंतर गेला याला, वेळेला नाही.

चौथ्या दिवशी १ वाजता सगळे रोबोट कपाटात कुलूपबंद. किल्ली शिपाईमामांकडे.

अर्धवटराव
शिपाईमामा रात्री उघडून खेळले तर?

वीजवाली
तर त्यांनाही गटात घ्या, वही भरायला लावा.

माणदेशी
बदललेला आराखडा, बघा कसा वाटतो.

७ मे: ताई-दादांचं प्रशिक्षण, बिघडलेली सर्किट.
८: काड्यांचा मेकॅनो, मग बॅटरी-एलईडी-मल्टिमीटर.
९: आर्डुइनो, छोटे बदल. १२:२५ला सावली, पाइप आणि पेल्यावर.
१०: अल्ट्रासोनिक आणि ४० अंश. सावली पुन्हा, दोन दिवसांची तुलना. नागपूरला ओळखीतल्या शाळेला विचारतोय.
११: रोबोट, पूर्ण दिवस. १ वाजता कुलूप.
१२: सकाळी रॉकेट, १० नंतर पालक.

ड्रोन, एआय, दुर्बीण, सोल्डरिंग रद्द. थ्रीडी प्रिंटर कोपऱ्यात. १० गट नाही, चार-चारऐवजी तीन-तीनचे १३ गट केले तर एक मूल उरतं, ते एका गटात चौथं. बारा लॅपटॉप आहेत, एका गटाला कुणातरी दादाचा.

कंदील
१३ गट, १० ताई-दादा. तिघांकडे दोन-दोन गट येतील. हात लावायला आपोआपच वेळ मिळणार नाही, चांगलंच आहे.

दोन बोर्ड आणि पाच-सहा मोटर जास्तीच्या घ्या. बीओ मोटरला वायर जोडायची तांब्याची पट्टी दोन-तीनदा वाकली की तुटते. वायर आधीच डाग देऊन आणा आणि मोटरच्या पिवळ्या अंगाला झिप टायने बांधा, म्हणजे ओढ पट्टीवर येत नाही. पुण्याला कुणी जाणार असेल तर पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सगळं एकाच फेरीत मिळतं, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच.

माळरान
९ आणि १०ला आकाश ढगाळ असलं तर? मेमध्ये दुपारी वळीव भरून येतो, पण साडेबाराच्या आत बहुधा मोकळं असतं. तरी ८लाही मोजा. तीन दिवसांचे आकडे असले की एक गेला तरी चालतं.

जुना_मल्टिमीटर
मल्टिमीटर गटागणिक एक लागेल, साधे स्वस्त पुरेत, पण फ्यूज जास्तीचे आणा. मुलं नॉब करंटवर ठेवून प्रोब थेट बॅटरीला लावतात, आतला काचेचा फ्यूज उडतो आणि मग करंटचं रीडिंग कायम शून्य येतं. गट तासभर सर्किट तपासत बसतो. रोज सकाळी ताई-दादांनी प्रत्येक मीटर दोन सेल, एक ३३० ओहमचा रेझिस्टर आणि एक लाल एलईडी यांच्याबरोबर तपासून घ्यावा. एका सेलच्या दीड व्होल्टला एलईडी लागत नाही. १० अँपिअरच्या भोकावर बहुतेक स्वस्त मीटरांत फ्यूजच नसतो, त्यावर आधीच चिकटपट्टी मारून टाका.

माणदेशी
मारतो. फ्यूज किती अँपिअरचा घ्यायचा?

जुना_मल्टिमीटर
मागचं झाकण उघडून जुन्याच्या टोपीवर कोरलेलं वाचा. बहुतेकांत २०० किंवा ५०० मिलिअँपिअर असतो. तोच घ्या, मोठा घालू नका. आणि झाकणाचे स्क्रू हरवतात, वाटीत ठेवा.